पॅनहार्डचं ब्रॅकेट दुसऱ्यांदा तडकलं. आता किती जाड करू?

चाकावरचं_घर

मंडळी, डोकं चालेनासं झालंय, म्हणून धागा काढतोय.

गाडी आहे लॅडर चेसिसवरची उंच छपराची व्हॅन, जन्माने टू-व्हील ड्राइव्ह. आधीच्या मालकाने पुढे फोर-व्हीलचा सलग अ‍ॅक्सल बसवून घेतला होता. कॉइल स्प्रिंग, दोन बाजूंना रेडियस आर्म, आणि अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून आडवा पॅनहार्ड रॉड. आत पलंग, कपाटं, ओटा आणि १०० लिटरची पाण्याची टाकी. सगळं भरून काट्यावर घातली तर पुढच्या चाकांवर १६५० किलो, मागच्यांवर १९५०.

मी स्प्रिंग ५० मि.मी. उंच टाकल्या, त्यामुळे पॅनहार्ड फार तिरका झाला. तो परत ड्रॅग लिंकला (स्टीअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारा दांडा) समांतर यावा म्हणून चेसिसच्या बाजूचं ब्रॅकेट मी स्वतः बनवलं. चेसिसच्या खाली १५० मि.मी. लोंबतं, ६ मि.मी. प्लेटचे दोन गाल, मध्ये बुश (लोखंडी नळीभोवती रबरासारखा लवचिक गुंडाळा), एम१४ बोल्ट, मिगने (वायरच्या मशीनने) वेल्ड. तिथे चेसिस बंद पेटीसारखी आहे, भिंत ४ मि.मी.

सुमारे ७००० किलोमीटर झाल्यावर वळणावर खालून 'कट' असा आवाज येऊ लागला. शिरून पाहिलं तर वेल्डच्या कडेकडेने तडा. ब्रॅकेटला नाही, वेल्डलाही नाही. चेसिसच्या भिंतीला! तडा भरला, ब्रॅकेट उखडलं आणि १० मि.मी. प्लेटचं नवं केलं. वेल्डही चांगला भरभक्कम मारला. ते २००० किलोमीटरसुद्धा टिकलं नाही. जागा तीच, तडा मात्र पहिल्यापेक्षा लांब.

आता १२ मि.मी. घेऊ की क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनमचं जास्त मजबूत पोलाद) आणू? फोटो टाकलेत.

नवशिका

वाखूसा (वाचनखूण साठवली). माझीही गाडी याच वाटेवर आहे, पुढचं वाचायला बसलोय.

ठिणगी

फोटो क्रमांक ३ मोठा करून पाहिला. राग मानू नका, पण वेल्ड सुरवंटासारखा वर बसलाय, आत उतरलेला नाही. १० ची जाड प्लेट आणि ४ ची भिंत एकत्र वेल्ड करताना जाड बाजू सगळी उष्णता पिऊन टाकते. आर्क पातळ बाजूकडे झुकला तर भिंतीला खाच पडते, जाड बाजूला नुसता रस चिकटतो. तुमच्याकडे दोन्ही झालंय. वरची कड नखाने चाचपा, खाच लागेल. तडा तिथूनच सुटला असणार.

तरीही सगळा दोष वेल्डवर टाकणार नाही. चांगला वेल्डही तिथे गेलाच असता, थोडा उशिरा एवढंच.

रंगीत_आलेख

मी तुमच्या मापांवरून ब्रॅकेटचं मॉडेल करून ताण काढला. वरची कड पक्की धरली, खाली २० किलोन्यूटन लावला. ६ मि.मी. मध्येसुद्धा ब्रॅकेट सगळीकडे हिरवंनिळं. म्हणजे डिझाइन सुरक्षित आहे, साहित्य बोगस मिळालं असणार.

मोजपट्टी

@रंगीत_आलेख, "वरची कड पक्की धरली" यातच घोळ आहे. तुमच्या संगणकाला चेसिस म्हणजे कातळ वाटला. प्रत्यक्षात ती ४ मि.मी. चा पत्रा आहे, आणि तडा त्या पत्र्यातच गेलाय. जी वस्तू तुटली तीच मॉडेलमध्ये नाही, मग लाल रंग दिसणार कुठून?

कागदावर पाहू. पुढच्या अ‍ॅक्सलवर १६५० किलो. जोरात वळताना ०.७ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.७ पट) धरला तर अ‍ॅक्सलला बाजूने सुमारे ११.३ किलोन्यूटन लागतात, आणि कॉइलच्या गाडीत ते बहुतेक सगळे पॅनहार्डमधूनच चेसिसमध्ये जातात. चाक चरीच्या कडेवर आदळलं की क्षणभर त्याच्या दुप्पट धरायला हरकत नाही. पण आधी ११.३ च घेऊ. तरफ १५० मि.मी. म्हणजे ब्रॅकेटच्या मुळाशी १.७ किलोन्यूटन-मीटरचा पीळ.

आता दोन गाल, प्रत्येकी ६ जाड, १०० रुंद. त्यांच्यातला वाकण्याचा ताण येतो साधारण ८५ मेगापास्कल. साध्या स्ट्रक्चरल पोलादाची नमनमर्यादा, म्हणजे ज्यापुढे ते कायमचं वाकतं तो ताण, २५० च्या आसपास. म्हणजे गाल मजेत आहेत, ते पहिल्या दिवसापासून मजेत होते. तोच पीळ पुढे चेसिसच्या भिंतीत शिरतो तेव्हा मात्र गालाची एक कड भिंत आत ढकलते आणि दुसरी बाहेर ओढते. पातळ डब्याचं झाकण अंगठ्याने दाबलं की टकटक करतं ना, तसंच. प्रत्येक वळणाला एकदा आत, एकदा बाहेर. आणि हे सगळं कुठे चाललंय? वेल्डच्या कडेला, जिथे ठिणगीभाऊंनी दाखवलेली खाच आधीच तयार आहे.

तुम्ही गाल जाड केलेत. आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

क्रोमोलीचं म्हणाल तर दोन गोष्टी. एक, ताठपणा सगळ्या पोलादांचा जवळपास सारखाच, २०० ते २१० गिगापास्कल. महाग पोलाद कमी वाकतं हा गैरसमज आहे. ते जास्त वाकूनही परत येतं, एवढाच फरक. दोन, वेल्ड केलेल्या सांध्याचं फटीग, म्हणजे वारंवार ताण येऊन धातूचं थकणं, हे पोलादाच्या ग्रेडवर जवळजवळ अवलंबून नसतं. ते ठरतं सांध्याच्या आकारावर आणि तिथे किती ताण हेलकावतो त्यावर. त्यातली चांगली बातमी अशी की वेल्डच्या सांध्यात ताण निम्मा केला तर आयुष्य साधारण आठपट होतं. तेव्हा ताण कमी करा, बाकी सगळं नंतर.

चाकावरचं_घर

हे पटलं. पण एक कोडं राहतंच. दोष भिंतीचा असेल तर दोन्ही ब्रॅकेटं सारखीच टिकायला हवी होती. ६ चं ७००० चाललं, १० चं २००० मध्ये गेलं. असं का?

मोजपट्टी

ठिणगीभाऊंनी सांगितलेलं कारण आहेच. शिवाय दुसऱ्या वेळी तुम्ही तडा बुजवलेल्या, आधीच शिजलेल्या पत्र्यावर वेल्ड केलंत. पण एवढ्याने मलाही समाधान होत नाहीये.

पाटाकाका

उशिरा आलो. एकच विचारतो. दोन गालांच्या आतलं अंतर किती आणि बुशच्या मधल्या लोखंडी नळीची लांबी किती? कॅलिपरने मोजून सांगा, अंदाजपंचे नको.

चाकावरचं_घर

काका, आत्ता खाली शिरून मोजलं. नळी ६०.० मि.मी., गालांमधलं अंतर ६१.५. बुश सहज आत जावा म्हणून थोडी फट ठेवली होती. ६ च्या ब्रॅकेटलाही एवढीच होती.

पाटाकाका

सापडलं.

६ चे गाल बोल्ट आवळला की वाकून नळीला चिकटत होते. १० चे गाल वाकायला तयार नाहीत. तुम्ही पाना ओढलात, पान्याने टॉर्क दाखवला, पण तो सगळा जोर गाल वाकवण्यात खर्च झाला. नळी मोकळी राहिली. आता बोल्टकडे बघा, मधोमध चमकलेला पट्टा असेल. गालाची भोकंही अंडाकृती झाली असतील.

चाकावरचं_घर

बोल्ट काढला. चमकलेला पट्टा आहे. भोक एका दिशेला १४.५, दुसऱ्या दिशेला १५.३. काका, दंडवत घ्या.

मोजपट्टी

काकांचं म्हणणं आकड्यात मांडतो, कारण ही चूक फार जण करतात.

प्लेटचा वाकायला होणारा विरोध जाडीच्या घनात वाढतो. ६ वरून १० म्हणजे १.६७ चा घन, सुमारे ४.६ पट. फट तेवढीच राहिली तर ती मिटवायला बोल्टला ४.६ पट जोर लागणार.

आणि बोल्ट नळीला नेमका धरतो कसा? बहुतेकांना वाटतं बोल्टची दांडी भोकात अडकून भार घेते. तसं नाही. १०.९ ग्रेडचा एम१४ बोल्ट सुमारे १८० न्यूटन-मीटरला आवळला की साधारण ७० किलोन्यूटनची पकड मिळते. नळीची दोन टोकं गालांना घासून धरली जातात. घर्षणांक ०.१५ धरला तर दोन्ही टोकं मिळून सुमारे २१ किलोन्यूटन बाजूचा भार नुसत्या घर्षणावर पेलला जातो, बोल्टच्या दांडीला भोकाच्या कडेला टेकावंही लागत नाही. मघाशी म्हटलं तसा चरीचा दणका साधारण तेवढाच.

आता पकड अर्धी झाली की साध्या जोरदार वळणातच नळी सरकते. तुमचा 'कट' आवाज तो हाच. हळूहळू वाढणारा भार वेगळा आणि फटीतून धावत येऊन आपटणारा वेगळा. तुमच्या दुसऱ्या ब्रॅकेटवर दर वळणाला हातोडी पडत होती.

नवीन करताना फट ०.२ ते ०.३ पेक्षा जास्त नको. गाल टाकताना मध्ये खरी नळी, दोन पातळ वॉशर आणि बोल्ट आवळून मगच टॅक करा (ठिपक्याठिपक्याने तात्पुरतं वेल्ड). वेल्ड थंड होताना गाल आत ओढले जातात. मग वॉशर काढले की नळीपुरती जागा उरते.

नवशिका

बाळबोध प्रश्न. पॅनहार्ड तिरका राहिला तर बिघडतं काय? ५० मि.मी. चीच तर उंची.

मोजपट्टी

बाळबोध नाही. रॉड ९०० मि.मी. लांब धरा. तो आडवा सपाट असेल तर अ‍ॅक्सल ५० मि.मी. वर-खाली गेल्यावर बाजूला सरकतो फक्त १.४ मि.मी. पण तो आधीच १०० मि.मी. तिरका असेल तर पुढच्या ५० ला सरकतो ७ मि.मी. प्रत्येक खड्ड्याला पुढचा अ‍ॅक्सल गाडीखाली ७ मि.मी. बाजूला. आणि ड्रॅग लिंक वेगळ्या कोनात असली तर ती वेगळ्या वर्तुळात फिरते, म्हणजे तुम्ही न फिरवता स्टीअरिंग फिरतं. त्यालाच बम्प स्टीअर म्हणतात. धागाकर्त्याने ब्रॅकेट खाली आणलं ते योग्यच होतं. म्हणून बोल्टची जागा हलवू नका, फक्त ती धरायची पद्धत बदला.

ब्रेकआधी

सगळे हिशेबात रमलेत म्हणून कडू बोलतो. तडा गेलेल्या चेसिसवर ही गाडी सध्या चालवताय का? पॅनहार्ड सुटला तर अ‍ॅक्सल एका बाजूला जातो आणि स्टीअरिंग फिरवलं तरी गाडी ऐकत नाही. वर झोपायची खोली घेऊन फिरणारं साडेतीन टनांचं धूड आहे हे.

आणि वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: ब्रॅकेट घरी बनवा, पण ड्रॅग लिंक, पिटमन आर्म, नकल यांना वेल्डिंग मशीन दाखवायचंही नाही. ते फोर्ज करून उष्णतेने घडवलेले भाग असतात. आपल्या देशात असे बदल नोंदवून तपासून घ्यावे लागतात का, तेही आधी बघा. विमेवाले नंतर बघतातच.

चाकावरचं_घर

गाडी जॅकस्टँडवर आहे, चाकं काढलेली. शब्द देतो.

वाटेवरचा_दगड

थोडं अवांतर. माझ्या व्हॅनला मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत, कॅम्पर केल्यापासून मागून बसलीय. जुन्या ट्रकचा एक जाड पाटा घालू का? गॅसने जरा तापवून कमान देता येईल.

पाटाकाका

तापवायचं नाव काढू नका. पाटा हे स्प्रिंगचं पोलाद, कडक करून मग पाणी उतरवलेलं. गॅस लावला की तेवढ्या जागचं पाणी गेलं. तो आधी तिथे बसतो, मग तिथेच मोडतो. वेल्ड नाही, नवीन भोक नाही, कडेला ग्राइंडरचा ओरखडासुद्धा नाही.

जाडीबद्दल मोजपट्टीसाहेब म्हणाले तेच. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनात. ८ च्या जागी १० चा पाटा म्हणजे तो एक पाटा जवळजवळ दुप्पट ताठ. एकच जाड पाटा घातलात तर भार तोच खाणार आणि बाकीचे बघत बसणार. त्यापेक्षा सगळा संच भरलेल्या वजनाला धरून बनवून घ्या. मालवाहू गाडीचा पाटा रिकामी आणि भरलेली दोन्हींसाठी तडजोड असतो. कॅम्पर कायम भरलेलीच फिरते, तिला ती तडजोड कशाला? हे या कामातलं एकमेव सुख आहे.

एक ठोकताळा देतो. भरलेल्या वजनाने स्प्रिंग किती सेंटिमीटर दबते ते घ्या, त्याचं वर्गमूळ काढा आणि ५ ला त्याने भागा. ती गाडीची सेकंदाला किती हेलकावे ही चाल. १० सें.मी. दबत असेल तर साधारण १.६. दोनच्या बरीच वर गेली की आतल्या माणसांची हाडं मोजून होतात आणि कपाटांचे स्क्रू ढिले पडतात.

यू-बोल्ट मात्र नवीनच घ्या. एकदा ताणून बसलेले परत वापरू नका. आणि ताठ पाटे घातले म्हणून अ‍ॅक्सलची वजनक्षमता वाढत नाही, बेअरिंग आणि ब्रेक तेच असतात.

ठिणगी

मूळ विषयाकडे. दुरुस्ती कशी करावी ते लिहितो. मी असंच करतो, दुसऱ्यांची पद्धत वेगळी असू शकते.

आधी तड्याचं टोक शोधा. डोळ्यांवर विश्वास नको. लाल रंगाचं पेनिट्रंट मारा, पुसा, पांढरा डेव्हलपर मारा. रेष दिसते त्याच्याही थोडं पुढे तडा गेलेला असतो. त्या टोकाला ५-६ चं भोक पाडा म्हणजे तो पुढे धावणार नाही. मग तडा व्ही आकारात खरवडून मुळापर्यंत भरा आणि ग्राइंडरने पत्र्याच्या पातळीला आणा. शेवटचा हात तड्याला आडवा नको. ग्राइंडरच्या खुणा ताणाच्या दिशेने राहिल्या पाहिजेत, नाहीतर प्रत्येक खूण नवी खाच.

वर चेसिसएवढ्याच जाडीचा पत्रा, ४ चा. जास्त जाड नको. आकार लांबट समभुज चौकोनाचा, टोकं चेसिसच्या लांबीच्या दिशेने. चौकोनी पॅच लावलात तर त्याच्या उभ्या कडेला सगळा ताण एका रेषेत साचतो आणि पुढचा तडा ठरलेल्या जागी येतो. पेटीच्या वरच्या-खालच्या कोपऱ्यांच्या वळणावर वेल्ड नेऊ नका, १५-२० मि.मी. आधी थांबा. मधे तीन-चार भोकं पाडून प्लग वेल्ड.

वायर साध्या पोलादाला ईआर ७०एस-६. मिग जमत नसेल तर ७०१८ चा रॉड, पण तो कोरडा हवा. दमट ७०१८ हायड्रोजन आत सोडतो आणि तडा दुसऱ्या दिवशी दिसतो.

आता कॅम्परवाल्यांसाठी खास. तुमच्या चेसिसवर फरशी, फरशीत फोम, फोमवर प्लायवुड, त्यात वायरिंग, कुठेतरी गॅसचा सिलिंडर. चेसिस लाल झाली की फोम आतल्या आत धुमसतो आणि धूर बाहेर यायला वेळ लागतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एक जण आत गाडीत बसलेला हवा, हातात पाणी, आणि वेल्डिंग थांबल्यावर अर्धा-पाऊण तास उठायचं नाही. सिलिंडर गाडीबाहेर, बॅटरीच्या दोन्ही तारा सुट्या, घरच्या बॅटरीच्यासुद्धा. सोलरची तार विसरू नका. आणि साफ करायला क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर अजिबात नको. आर्कच्या उष्णतेने त्यातून फॉस्जीन वायू होतो. अ‍ॅसिटोन वापरा, तेही पूर्ण वाळू द्या.

मोजपट्टी

डब्याचं झाकण थांबवायला दोन उपाय, दोन्ही करा.

पहिला, ब्रॅकेट फक्त बाहेरच्या भिंतीला न लावता बोल्टने पेटीच्या आरपार न्या. प्रत्येक बोल्टसाठी पेटीत आडवी जाड नळी घालून ती दोन्ही भिंतींना वेल्ड करायची. नुसता बोल्ट आवळलात तर पेटी चेपते. आता आत ढकलणारा जोर एका भिंतीत न राहता दोन्हींत वाटला जातो.

दुसरा आणि खरा, ब्रॅकेटच्या खालच्या टोकापासून गाडीच्या पलीकडच्या बाजूच्या चेसिसपर्यंत आधाराचा पाइप. पॅनहार्डचा जोर आडवा, पाइपही जवळजवळ आडवा. मग तो जोर पाइपच्या लांबीतून दाब किंवा ओढ होऊन पलीकडच्या चेसिसला जातो आणि १५० मि.मी. ची तरफच बहुतांशी नाहीशी होते. पाइप दोन्हीकडे बोल्टचा ठेवा, नाहीतर ऑइल सम्प (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) काढायच्या दिवशी मला शिव्या द्याल.

बुश कुठले आहेत?

चाकावरचं_घर

दोन्हीकडे पॉलियुरेथेन. कडक म्हणून मुद्दाम घेतले होते.

मोजपट्टी

एक चाक वर आणि एक खाली गेलं की अ‍ॅक्सल चेसिसशी तिरका होतो आणि रेडियस आर्ममुळे थोडा पिळतोही. रॉडच्या एका टोकाला ती हालचाल मोकळी मिळायला हवी. पॉली ती अडवतं आणि तो पीळ परत ब्रॅकेटला जातो. चेसिसकडे रबर, अ‍ॅक्सलकडे गोलाकार सांधा ठेवा. नुसता हाइम जॉइंट, म्हणजे उघडा गोलाकार सांधा, धुळीत लवकर वाजायला लागतो, रबरी टोपीवाला घ्या.

पाटाकाका

रबर बुशचा बोल्ट गाडी चाकांवर उभी करून, सगळं सामान आत असताना शेवटचा आवळा. जॅकवर लोंबत असताना आवळलात तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

चाकावरचं_घर (तीन आठवड्यांनी)

झालं. सुरळीत नाही, पण झालं.

आधी पुठ्ठ्याचं ब्रॅकेट केलं. मग दुसरं, मग तिसरं. तिसऱ्यावर स्प्रिंग काढून जॅकने अ‍ॅक्सल बम्प स्टॉपला (अ‍ॅक्सलला वर अडवणारा ठोकळा) टेकेपर्यंत वर घेतला आणि तिथेच पुठ्ठा चेंगरला. आधाराचा पाइप जिथून न्यायचा होता तिथे पूर्ण वर गेल्यावर पॅनहार्ड रॉड स्वतःच येत होता. जागेवर उभ्या गाडीत दोघांमध्ये चार बोटं मोकळी दिसत होती! पुठ्ठ्याऐवजी थेट लोखंड कापलं असतं तर सगळं वाया गेलं असतं. एक चाक वर, एक खाली असंही करून पाहिलं, तेव्हा सम्पपासून अंतर जेमतेम १२ मि.मी. उरलं. शेवटी पाइप रॉडच्या पुढून नेला. आता सगळीकडे किमान २५ मि.मी. मोकळं आहे.

गाल परत ६ चेच. फट वॉशर काढल्यावर ०.२. पेनिट्रंट मारलं तर तडा मला दिसत होता त्यापेक्षा चांगला १८ मि.मी. पुढे गेलेला निघाला. पॅच, आरपार नळ्या, पाइप, सगळं तुम्ही सांगितलं तसं. वेल्ड मात्र माझा नाही. पॅचचा वेल्ड मी भंगार पत्र्यावर मारून, कापून, घासून पाहिला. मुळाशी उतरलाच नव्हता. तेव्हा मुकाट्याने ज्याचा हात बसलेला आहे त्याला बोलावलं. कापणं, भोकं पाडणं, बसवणं मी केलं, आर्क त्याने मारला.

आत आग राखायला बायको बसली होती. पलंगाखाली धूर आला की आवाज द्यायचं ठरलं होतं. धूर नाही आला, पण तिने तेवढ्यात कपाटाचे सगळे ढिले स्क्रू आवळून टाकले.

ठिणगी

भंगारावर मारून कापून बघितलंत, अर्धी लढाई तिथेच जिंकलात. ब्रॅकेटला रंग कुठला दिलात? काळा नको. पांढरा किंवा फिका राखाडी द्या. तडा गेला की त्यातून गंजाची तपकिरी रेघ पाझरते, ती फिक्या रंगावर लांबून दिसते.

चाकावरचं_घर

पांढरा. प्रत्येक बोल्टवर डोकं ते प्लेट अशी लाल रेघही ओढलीय.

ब्रेकआधी

१०० किलोमीटरनंतर परत आवळून बघा, मग ५००, मग १०००. नवीन रंगावर आवळलेला बोल्ट रंग चेपला की ढिला पडतो. गालाच्या आतून, नळी टेकते तिथला रंग खरवडला होता ना?

चाकावरचं_घर

... नाही. खरवडून येतो.

चाकावरचं_घर (पाच महिन्यांनी)

धागा वर काढतोय, कारण शेवट न सांगता गायब होणारे मलाही आवडत नाहीत.

४२०० किलोमीटर झाले. त्यातले सहाएकशे कच्च्या, पन्हाळी पत्र्यासारख्या रस्त्याचे. 'कट' आवाज पूर्ण गेला. खड्ड्यात स्टीअरिंग हाताला झटका देत नाही. पहिल्या १०० ला आधाराच्या पाइपचा एक बोल्ट पाव वळसा फिरला, नंतर लाल रेघा जागच्या जागी. काल परत पेनिट्रंट मारलं. पॅचच्या टोकाला एक बारीक रेष दिसली आणि पोटात गोळा आला. खरवडून पाहिलं तर रंगाचीच होती, खाली लोखंड स्वच्छ.

एक नवीन गोष्ट दिसलीय. पुढचा डावा शॉक अ‍ॅब्सॉर्बर वरच्या माउंटला पूर्ण सरळ राहत नाही, त्याचं बुश एका बाजूने जास्त चेपलंय. मी उंची वाढवली तेव्हा तो माउंट हलवला नव्हता.

पाटाकाका

शॉक पूर्ण आखडला आणि पूर्ण ताणला असं दोन्ही मोजून लिहा, आणि बम्प स्टॉपला अ‍ॅक्सल आधी टेकतो की शॉक आतून आधी बसतो ते बघा. नवा धागा काढा, या धाग्यात पॅनहार्डच राहू द्या.

नवशिका

पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत). आणि ते तीन पुठ्ठे फेकले नसतील तर मापं टाकाल का?

चाकावरचं_घर

मापं टाकतो, पण तुझ्या गाडीला जशीच्या तशी कापू नकोस. आधी तुझा अ‍ॅक्सल जॅकने बम्प स्टॉपपर्यंत वर घेऊन बघ.